सकाळचे चार ठिपके

आमच्या धंद्यातले किस्से साठतात ते फक्त एकाच बाजूने. सिस्टिम वर्षभर नीट चालली तर तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ती पडली की त्याच संध्याकाळी कँटीनमध्ये जो तो आपापल्या पद्धतीने सांगायला लागतो. त्यामुळे माझ्याजवळ आज जेवढे किस्से आहेत ते सगळे पडण्याचे आहेत, उभं राहिल्याचा एकही नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, यांनी नोकरीत काही धड केलंच नाही की काय. हल्ली मलाही तशी शंका येते, पण ते राहू दे.

काम काय होतं ते आधी सांगतो. सोपं करून सांगता येईल की नाही कोण जाणे, कारण याच विषयात माझी पीएच.डी. आहे.

एका मोठ्या हॉस्पिटलची कम्प्युटर सिस्टिम आम्ही सांभाळायचो. कोणाचा रक्तगट काय, कोणाचं ऑपरेशन कधी, कोणाला कुठलं औषध चालत नाही, हे सगळं तिच्यात. ती बंद पडून चालणार नव्हतं. म्हणून मशीन एक नव्हे, दोन. एक म्हैसुरात, दुसरं जवळच्या नंजनगूडला. पहिलं काम करतं, दुसरं नुसतं बघत बसतं. पहिलं दर काही सेकंदांनी दुसऱ्याला निरोप धाडतं, ‘मी आहे.’ याला म्हणायचं हार्टबीट. तो निरोप यायचा थांबला की दुसऱ्याने समजायचं, पहिलं गेलं, आणि सगळं काम आपल्याकडे घ्यायचं. याला म्हणायचं फेलओव्हर. डॉक्टरला, नर्सला, रुग्णाला काही कळतासुद्धा कामा नये. बस्स, एवढंच. एवढ्यावर मी एक जाडजूड प्रबंध लिहिला आणि लोक मला डॉक्टर म्हणायला लागले.

हे काम करणारे आम्ही चौघं. मी, कुलकर्णी, गोपाळराव आणि नागवेणी. चौघंही रिटायर होऊन म्हैसुरातच राहिलो.

आणि घरी सुमन, माझी बायको. काही वर्षांपूर्वी तिला स्ट्रोक आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. ‘हो’, ‘नको’ आणि आकडे, एवढंच तोंडात उरलं. ती आपली आपण खुर्चीतून उठू शकत नाही, फोन लावू शकत नाही. घरात आम्ही दोघंच. मला काही झालं तर तिचं काय, हा एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कुठलाही किस्सा सांगायला बसलो तरी मी शेवटी तिथेच येतो, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

* * *

पहिला किस्सा माझ्याच हुशारीचा.

दोन मशीन आहेत, पण दोघांना जोडणारी केबल एकच असेल तर काय उपयोग? म्हणून मी दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन केबल घ्यायला लावल्या. नकाशावर एक निळी रेघ काढली, एक लाल. एक तुटली तर दुसरी आहे. मंजुरी देणाऱ्या साहेबांनी त्या रेघांवरून बोट फिरवून माझं कौतुक केलं होतं.

मग नंजनगूडच्या रस्त्यावर पाण्याच्या पाइपसाठी खोदकाम निघालं. जेसीबीने एकदा दात घातले आणि दोन्ही केबल एकदम वर आल्या, शेवग्याच्या शेंगांसारख्या.

केबल, वीज, एसी हे सगळं गोपाळरावांकडे. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण तिच्यात कानडी इतकं मिसळलेलं की पुण्याहून आलेल्या कुलकर्ण्यांना सुरुवातीला मीच अर्थ सांगायचो. खड्ड्याच्या काठावर उभे राहून गोपाळराव म्हणाले, “डॉक्टर, कागदावर तुम्ही दोन रेघा मारल्या की. जमिनीत खड्डा एकच मारलाय. एरडु केबल, ओंदे गुंडी.”

दोन केबल, खड्डा एकच. हे वाक्य पुढे आमच्यात इतकं रुळलं की कोणाचं काहीही फसलं तरी तेच म्हटलं जायचं.

दोन कंपन्यांनी पैसे वाचवायला मिळून एकच खड्डा खणला होता, आणि तो बुजवताना देखरेखीला खुद्द गोपाळराव हजर होते. हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते नागवेणीने सांगितलं.

* * *

आयुधपूजेचं मी कुठेच सांगत नाही, पण तुम्हाला सांगतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हैसुरात रिक्षापासून लेथपर्यंत प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ पडते. कुंकू भरलेला कोहळा फोडतात, चुरमुरे-डाळं वाटतात. आणि पूजा करायची तर यंत्र थांबलेलं हवं. चालत्या यंत्राला कोणी गंध लावत नाही.

आता आमचा सर्व्हर थांबवायचा कसा? पण आमच्याकडे दोन होते ना. म्हैसूरचं मशीन बंद करायचं, काम आपोआप नंजनगूडला जायचं, पूजा आटोपून परत आणायचं. देवाचंही होतं आणि फेलओव्हरची वार्षिक चाचणीही होते. मला ही कल्पना इतकी आवडली होती की एका परिषदेत मी तिच्यावर बोललोसुद्धा होतो.

त्या वर्षी नंजनगूडच्या पोरांनी ठरवलं, आपल्याही मशीनची पूजा करू. थोडा वेळ बंद ठेवायला काय हरकत आहे, म्हैसूर आहेच. आणि मुहूर्त दोन्हीकडे एकाच पंचांगातून काढलेला.

हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा आमच्या हातात चुरमुरे होते. पलीकडून नर्स विचारत होती, “टेबलावर बाई आहे. तिचा रक्तगट काय? स्क्रीन काळी आहे.”

मशीन चालू करायचं म्हणजे बटण दाबलं आणि झालं असं नसतं. तोवर रक्तपेढीने सगळं पहिल्यापासून तपासलं आणि ती बाई तशीच पोट उघडं ठेवून पडून राहिली. वाचली. पण बाहेर तिचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात धरून “ओ निगेटिव्ह, ओ निगेटिव्ह” सांगत होता म्हणे. त्याला बायकोचा रक्तगट पाठ होता. त्याचं कोणी ऐकलं नाही. तोंडी माहिती चालत नाही, असा नियम होता. नियम बरोबरच आहे.

मी त्या माणसाला पाहिलेलंही नाही. पण सुमनला घेऊन दवाखान्यात गेलो की तो मला दिसतो.

* * *

हा पुढचा किस्सा नागवेणीचा. ती मूळची इथली, कानडी. ऑपरेशन्स, म्हणजे सिस्टिम रोज चालती ठेवणं, तिच्याकडे, म्हणून काही झालं की लोकांच्या शिव्या आधी तिला. ती बोलायची कानडी-इंग्रजीत, मी मराठीत सांगतो.

एकदा दोन मशीनमधला दुवा तुटला. मशीन दोन्ही ठणठणीत. फक्त एकमेकांचे निरोप पोचेनात. म्हैसूरच्या मशीनला वाटलं नंजनगूड गेलं, नंजनगूडला वाटलं म्हैसूर गेलं. दोघांनीही काम हाती घेतलं आणि दोघंही आपापल्या परीने हॉस्पिटल चालवायला लागली. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. मशीन बंद पडण्यापेक्षा हे वाईट.

त्या दिवशी वॉर्डातल्या नोंदी जात होत्या म्हैसूरच्या मशीनमध्ये आणि स्वयंपाकघर वाचत होतं नंजनगूडचं. सकाळी एक म्हातारे गृहस्थ वारले. वॉर्डाने तशी नोंद करून त्यांना खाली शवागारात नेलं. स्वयंपाकघराच्या स्क्रीनवर मात्र त्यांच्या नावापुढे होतं, ‘मऊ भात, मीठ कमी.’

दुपारी त्यांची मुलगी वडिलांचं सामान गोळा करायला खोलीत आली होती. चष्मा, टॉवेल, थर्मास. एवढ्यात वॉर्डबॉय ताट घेऊन आला आणि नाव वाचून टेबलावर ठेवलं.

तिने ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, “अप्पांना परत वर आणताय का?”

माफी मागायला नागवेणीला पाठवलं. मुलगी रडत नव्हती, ओरडत नव्हती. तिला फक्त एक कळून घ्यायचं होतं. “तुमच्या दोन कम्प्युटरांपैकी खरं कोणाचं?”

नागवेणीला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, “ज्याची नोंद नंतरची, त्याचं खरं धरतात.”

नंतरची नोंद मऊ भाताची होती.

* * *

आता कुलकर्णी. यांच्याबद्दल जरा बेतानेच बोललं पाहिजे, पण ते असते तर त्यांनीच हा किस्सा माझ्याहून चांगला सांगितला असता.

कुलकर्णी पुण्याचे. इथे आले तेव्हा कानडीतला एक शब्द येत नव्हता, जाताना दोन येत होते. जे काम दुसऱ्यांदा करावं लागतं ते माणसाने करूच नये, मशीनला लावून द्यावं, असं त्यांचं मत. रजेचे अर्ज त्यांचा प्रोग्राम भरायचा. मीटिंगला आलो नाही तर क्षमस्व, असं कळवणारा एक प्रोग्राम होता. आमचा हार्टबीटही त्यांनीच लिहिला होता. एवढासा प्रोग्राम, एकच काम करायचा, दर काही सेकंदांनी ‘मी आहे’ म्हणायचा.

एका सकाळी ओपीडी तुंबली. रिपोर्ट निघेनात. आमच्या खोलीतला दिव्यांचा बोर्ड मात्र हिरवागार. म्हैसूरचं मशीन ‘मी आहे, मी आहे’ म्हणत होतं, म्हणून नंजनगूडचं शांत बसलेलं. मी बोर्डाकडे बघत म्हणत होतो, “सगळं ठीक दिसतंय.” खाली खिडकीपाशी लोकांनी काच फोडली तरी मी तेच म्हणत होतो.

शेवटी नागवेणी उठली, मशीनपाशी गेली आणि तिने सरळ वायर उपटली. निरोप थांबला, तेव्हा कुठे नंजनगूड जागं झालं.

मुख्य प्रोग्राम कधीचा अडकून पडला होता. बाजूला बसलेला कुलकर्ण्यांचा हार्टबीट तेवढा इमाने इतबारे चालू होता. नागवेणी म्हणाली, “सर, नाडी लागत होती, पण माणूस केव्हाचा उठत नव्हता.”

कुलकर्ण्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. म्हणाले, “माझं काम तर चोख होतं. शेवटपर्यंत बंद नाही पडलं.”

* * *

रिटायर झाल्यावर आम्ही कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर फिरायला भेटायचो. सुमन आजारी पडल्यापासून माझं ते सुटलं. मग एकदा तिघं घरीच आली. सुमन खुर्चीत बसून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती.

नागवेणी म्हणाली, “सर, या घरात एकच मशीन चालू आहे.”

मी म्हणालो, “माहीत आहे.”

“मग एक हार्टबीट हवा.”

तिथेच नियम ठरले. चौघांचा फोनवर एक ग्रुप. रोज सकाळी सातच्या आत प्रत्येकाने एक ठिपका पाठवायचा. शब्द नको, फुलं नको, देव नको, नुसता ठिपका. ठिपका आला नाही तर त्याच्या जोडीदाराने किल्ली घेऊन जायचं. माझे जोडीदार कुलकर्णी, ते दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहायचे. त्यांची बायको आधीच गेली होती, मुलगी पुण्यात. गोपाळरावांची जोडी नागवेणीशी. किल्ल्यांची अदलाबदल झाली. कुलकर्ण्यांची किल्ली माझ्या दाराजवळच्या खिळ्यावर, माझी त्यांच्या.

आणि जायचं फक्त जोडीदारानेच. तिघांनी धावायचं ठरवलं की दुसरा गेला असेल म्हणून कोणीच जात नाही, हे आम्ही पुष्कळ पाहिलं होतं.

ठिपके मोजायचं काम सुमनकडे आलं, ते तिनेच घेतलं. ती शाळेत गणित शिकवायची. सकाळी फोन तिच्या डाव्या हाताशी ठेवायचा. ठिपके येत जातील तसं ती म्हणते, “एक. दोन. तीन.” शेवटी मी माझा पाठवतो. ती म्हणते, “चार,” आणि माझ्याकडे बघते. मी “बरोबर” म्हणायचं. मगच ती चहाला हात लावते.

* * *

पहिला ठिपका चुकला तो गोपाळरावांचा. ते बहिणीच्या कुटुंबाला घेऊन पहाटेच तलकाडला गेले होते. तिथे वाळूतली देवळं बघताना फोनला रेंज नाही. नागवेणी किल्ली घेऊन पोचली, तर गोपाळरावांनी निघताना चोरांच्या भीतीने वर आणखी एक कुलूप घातलेलं. तिने माणूस बोलावून कुलूप तोडलं, कडी तोडली, दाराची एक फळीही गेली. आत फक्त फ्रिज गुरगुरत होता.

संध्याकाळी गोपाळराव चपलांत वाळू घेऊन परतले. दार भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि नागवेणी पायरीवर राखण करत बसलेली.

“अय्यो नागवेणम्मा,” ते म्हणाले, “मी मेलो नाही म्हणून आता सॉरी म्हणू काय?”

“म्हणा,” ती म्हणाली.

आणि ते खरंच म्हणाले.

* * *

कुलकर्ण्यांचा ठिपका मात्र सारखा चुकायचा. त्यांना सकाळी जाग येत नसे. मी सुमनला खुर्चीत बसवून, कमरेला पट्टा बांधून, बाहेरून कुलूप लावून धावत जायचो. बेल वाजवली की हे ब्रश तोंडात धरून दार उघडायचे.

एकदा माझा तोल गेला. म्हणालो, “कुलकर्णी, तिकडे सुमनला मी कोंडून आलोय. तुमच्या झोपेपायी. वाटेत मलाच काही झालं असतं तर?”

त्यांनी ब्रश काढला. चेहरा पडला. “चुकलं, डॉक्टर. पुन्हा असं होणार नाही.”

आणि नाहीच झालं. त्यानंतर त्यांचा ठिपका रोज बरोबर सहाला. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. पहिला ठिपका त्यांचाच. सुमनला त्याची इतकी सवय झाली की सहा वाजायच्या आधीच ती बोट वर करून बसायची.

गोपाळराव म्हणाले, “रिटायर होऊन माणूस टायमाला आला, नोडि, बघा की.”

मी एखाद्याला रागावलो आणि त्याचा उपयोग झाला, असं माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही. मला बरं वाटलं.

* * *

माझा मुलगा कॅनडात असतो. फोनवर नेहमी म्हणतो, “बाबा, कशाला घाबरता? मी आहे ना.”

एकदा मी त्याला गमतीने सांगितलं, “अरे, आमच्यात तीन प्रकारचे स्टँडबाय असतात. एक चालू असतो, लगेच काम घेतो. दुसरा झोपलेला असतो, त्याला उठवावं लागतं. आणि तिसरा दुसऱ्या गावी खोक्यात बंद असतो. तो आणायचा, उघडायचा, जोडायचा, मग चालू.”

तो हसला नाही. “बाबा, तुम्ही मला खोक्यातलं मशीन म्हणताय.”

“मशीन उत्तम आहे रे,” मी म्हणालो, “खोकं लांब आहे.”

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. मी तीनदा हॅलो म्हणालो. मग तो म्हणाला, “आहे मी.”

* * *

आता शेवटचा.

नागवेणीचं म्हणणं, “ज्याची चाचणी कधी घेतली नाही तो स्टँडबाय नाही, सर. ते फर्निचर.” म्हणून नवा नियम निघाला. प्रत्येकाने एकदा, कोणालाही न सांगता, मुद्दाम ठिपका पाठवायचा नाही. जोडीदार येतो का बघायचं.

गोपाळरावांनी टाळला तेव्हा नागवेणी इतक्या तडक आली की ते अंगाला साबण लावून ओरडत होते, “बेडा, बेडा, आत येऊ नका.” नागवेणीने टाळला तेव्हा गोपाळराव वाटेत इडल्या बांधून घेऊन गेले. दार उघडल्यावर ती म्हणाली, “मी आत मरून पडले असते तर?” ते म्हणाले, “तर मी खाल्ल्या असत्या.”

मग माझी पाळी. मी बरेच दिवस ढकलत होतो. चाचणी फसली तर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी धीर केला. सुमनला बसवलं, फोन हाताशी दिला. सहाला कुलकर्ण्यांचा ठिपका आला. “एक.” मग गोपाळराव, मग नागवेणी. “तीन,” सुमन म्हणाली आणि माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणालो, “आज थांबू. कुलकर्णी येतील बघ.” मी तिसरा कपही काढून ठेवला.

सात वाजून गेले. सुमन मधूनमधून म्हणत होती, “तीन.” तिने चहा घेतला नाही. मी गॅलरीतून गल्लीच्या तोंडाकडे बघत होतो. दूधवाला गेला, शाळेची व्हॅन गेली. आधी मी त्यांच्या बाजूने कारणं शोधली, मग माझ्या बाजूने. वाटलं, मी ठिपका चुकून पाठवलाच असेल. फोन तपासला. नव्हता पाठवला. ग्रुपवर कोणाचाही शब्द नाही.

“तीन,” सुमन म्हणाली. या वेळी जरा मोठ्याने.

दहाच्या सुमाराला मी फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. आता मला राग आला होता, खरोखरचा. ठिपका पाठवायला जमतं, दोन गल्ल्या चालत यायला जमत नाही? सुमनच्या कमरेला पट्टा बांधला, खिळ्यावरची कुलकर्ण्यांची किल्ली घेतली, बाहेरून कुलूप लावलं आणि निघालो. काय बोलायचं ते वाटेत मनात जुळवत होतो.

त्यांच्या दारात दुधाच्या दोन पिशव्या होत्या. एक आजची. एक फुगलेली.

ते बाथरूमच्या उंबऱ्यावर पडले होते. पाय आत, डोकं बाहेर. हात लावल्यावर कळलं की यात काही करण्यासारखं नाही आणि कालही नव्हतं. टेबलावर त्यांचा फोन चार्जिंगला होता आणि त्यावर माझे मिस्ड कॉल. मी तो तसाच राहू दिला. मुलगी आली की तिला लागेल.

दाराजवळ खिळ्यावर माझ्या घराची किल्ली होती. तिला एक पट्टी चिकटवून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘डॉक्टर. सुमनताई.’ मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. सुमन बंद घरात होती. त्या घराची एक किल्ली माझ्या खिशात आणि दुसरी या खिळ्यावर. दोन्ही इथे.

मी फोन लावला तशी नागवेणी आली, मागोमाग गोपाळराव. नागवेणी भिंतीला टेकली आणि म्हणाली, “तुमचा ठिपका नव्हता सर, बघितलं मी. पण त्यांचा होता. म्हटलं, ते निघालेच असतील.”

गोपाळरावांनी एकदा फुगलेल्या पिशवीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या फोनकडे, आणि फोन खिशात ठेवून दिला. “मीही तेच म्हटलं,” एवढंच बोलले.

खिळ्यावरची किल्ली घेऊन नागवेणी सुमनपाशी जाऊन बसली. मुलगी दुपारच्या विमानाने आली. संध्याकाळी सगळं आटोपलं.

घरी येऊन मी घराच्या दोन्ही किल्ल्या आमच्या खिळ्यावर लावल्या, एकावर एक. सुमनला म्हणालो, “कुलकर्णी पुण्याला गेलेत, मुलीकडे. काही दिवस येणार नाहीत.” ती म्हणाली, “हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला खुर्चीत बसवलं. चहा गाळत होतो. आता तीनच होणार, तिला काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो.

सहा वाजले. सुमनने बोट वर केलं आणि फोन वाजला.

“एक,” ती म्हणाली. कुलकर्ण्यांचा प्रोग्राम बंद नव्हता पडला.

मग गोपाळरावांचा आला. मग नागवेणीचा. मी कप खाली ठेवला आणि माझा पाठवला.

“चार,” सुमन म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

“बरोबर,” मी म्हणालो.

तिने चहाला हात पुढे केला.